पाव किलोचा पुरावा

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राची कायम जागा बारा वर्षांनी निघाली, तेव्हा ती कोणाला मिळणार याबद्दल स्टाफरूममध्ये कोणाला शंका नव्हती. त्या विभागात एक बाई नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. जेवढे तास घेतले तेवढ्यांचाच मोबदला, उन्हाळ्यात काही नाही, आणि जून आला की पुन्हा नव्याने अर्ज, असा तो प्रकार. पीएच.डी. झालेली, नेट झालेलं, वर्गात मुलं टिकून बसायची. वर एक शोधनिबंध, तोही खऱ्या, नाव असलेल्या नियतकालिकात. जागा त्यांचीच होती. ती त्यांना मिळाली नाही, आणि त्यात माझा हात किती होता ते मी इथे लिहितो आहे.

मी सांख्यिकी शिकवतो. बोरगाव मेघेला घर आहे. घरी गॅसचं सिलिंडर लागलं की मी तारीख स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून ठेवतो, नळ आला की टाकी किती मिनिटांत भरली ते पाहतो. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर आधी आकडा घेऊन यावं लागते. कॉलेजातही माझी ओळख तीच. कोणाच्या संशोधनात तक्ते आले की तो माझ्याकडे येतो. मी फुकट करून देतो. अट एकच असायची, जी सगळ्यांना पाठ होती: तक्त्यात शेऱ्याचा रकाना नको. शब्द आले की संगणक अडतो आणि माणूस पाघळतो. मला फक्त आकडे द्या.

बाईंनीही मला फक्त आकडेच दिले होते. सेलू तालुक्यातली चार गावं, तिथली साठ घरं, लहान लहान भाजीच्या वाड्या. त्यात काही आदिवासी घरंही होती, जंगलाच्या बाजूची. प्रत्येक घरी आठवड्याचा तोडा, म्हणजे वाडीतून तोडलेला माल, किती निघतो ते सोळा आठवडे मोजलेलं. प्रत्येक गावात एक लटकता काटा ठेवला होता आणि तोड्याच्या दिवशी बाई पहाटे स्कुटीने तिथे हजर. त्यांचे वडील स्वतः भाजीवाले शेतकरी, त्यामुळे कोणत्या गावात कोणत्या दिवशी वांगी तोडतात हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. मी सरासऱ्या काढून दिल्या, चाचण्या लावून दिल्या. निबंधाच्या शेवटी लहान टायपात माझे आभार मानलेले होते. ते पान मी झेरॉक्स करून फाइलला लावलं होतं.

निबंधावर पहिलं नाव विभागप्रमुखांचं होतं. त्यांनी त्या साठ घरांपैकी एकही घर पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे याला कोणी चूक म्हणत नाही. प्रमुखाचं नाव पहिलं, ही लग्नपत्रिकेवर कुलदैवताचं नाव छापावं तशी रीत आहे. प्रमुखांचे स्वतःचे निबंध पुष्कळ होते. पैसे भरले की आठ दिवसांत काहीही छापून देणाऱ्या नियतकालिकांत ते यायचे. एकदा त्यांच्या एका निबंधात दुसऱ्याच राज्यातल्या जिल्ह्याचं नाव तसंच राहून गेलं होतं. ज्याचा उचलला त्याचा जिल्हा. मी दाखवलं तर म्हणाले, "वाचते कोण?" खरं होतं. ते कोणी वाचलं नाही, कोणी तक्रार केली नाही. बाईंचा निबंध मात्र दोन परीक्षकांनी वाचून, अकरा महिने अडवून, मग छापला होता. म्हणजे तो तपासण्याजोगा होता. आमच्या धंद्यात पकडला जातो तो तपासता येणारा माणूस.

जागेची जाहिरात आली आणि पंधरा दिवसांत प्राचार्यांकडे एक निनावी अर्ज आला. बाईंनी आकडे घरी बसून तयार केले, असा आरोप. एक प्रत नियतकालिकालाही गेली होती. अर्ज कोणी केला असेल, याबद्दल स्टाफरूममध्ये एकच नाव घेतलं जायचं. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

तिघांची समिती नेमली: उपप्राचार्य, ग्रंथपाल आणि मी. प्रमुख निबंधाचे पहिले लेखक, तरी ते विभागाच्या वतीने म्हणून बसणार होते. मी प्राचार्यांना म्हणालो की निबंधात माझे आभार आहेत, मी बसणं योग्य होणार नाही. ते हसले. "सर, म्हणूनच तर तुम्ही पाहिजे. त्या तक्त्याले तुमच्याइतकं ओळखते कोण?"

मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो नाही. कारण मला ठाऊक आहे. आरोप खरा निघाला आणि मी बाहेर असलो, तर त्या आभाराच्या ओळीने मलाही त्यात ओढलं असतं. समितीत बसून, मीच खोट पकडली, तर माझं नाव धुऊन निघणार होतं. तक्ता उघडला तेव्हा मी खोट शोधतच होतो.

आणि ती मला एका दुपारीच सापडली. साठ ओळींपैकी बावीस ओळी जोड्यांनी सारख्या होत्या. सातवं घर आणि आठवं घर: सोळाच्या सोळा आठवडे तोच आकडा. तसंच एकोणीस आणि वीस. अशा अकरा जोड्या. एका वाडीतून एका आठवड्याला सव्वातेवीस किलो वांगी निघू शकतात. शेजारच्या वाडीतूनही त्याच आठवड्याला सव्वातेवीसच निघतील, हे एकदा घडेल. सोळा वेळा, अकरा जोड्यांत, घडत नाही. एक ओळ उचलून खाली चिकटवली की मात्र असं दिसतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. निबंधात लिहिलं होतं की काटा अर्ध्या किलोपर्यंतच वजन दाखवतो. उरलेल्या अडतीस ओळींत सगळे आकडे पूर्ण किंवा अर्धे होते. पाव आणि पाऊण किलो फक्त त्या जोड्यांच्या ओळींत होते. जो काटा पाव किलो दाखवतच नाही, त्यावर पाव किलो आला कुठून? माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं. त्या दिवशी मी घरी जाताना बाजारातून जिलबी नेली होती, हे मला नीट आठवतं.

चौकशीच्या दिवशी बाई वेळेआधी आल्या. पर्समधून चष्मा काढून पुसला, घातला, हात मांडीवर ठेवले. उपप्राचार्यांनी प्रस्तावना केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "तुमचा काटा कितीपर्यंत वजन दाखवतो?"

"अर्ध्या किलोपर्यंत, सर."

"पाव किलो दाखवतो?"

"नाही सर. पण त्याचं असं आहे की ते दोन घरं मिळून..."

"मॅडम, मी काय विचारतो तेवढंच सांगा. दाखवतो की नाही?"

"नाही."

मी ग्रंथपालांना म्हणालो, लिहून घ्या. मग प्रमुख पुढे वाकले. ज्यांचं नाव निबंधावर पहिलं होतं, तेच. "मंग हा पाव किलो आला कुठून, मॅडम? भाजीवालीनं वरतून टाकला का, कोथिंबिरीसारखा?"

सगळे हसले. ग्रंथपाल लिहिता लिहिता हसले. बाई पुन्हा सांगू लागल्या की प्रत्येक गावाची वेगळी वही आहे, त्या वह्यांत सगळं लिहिलेलं आहे. मी त्यांना म्हणालो की मला गोष्टी नकोत, आकड्यांत उत्तर द्या. सारख्या ओळींना आकड्यांत काय उत्तर असणार? उपप्राचार्यांनी लेखी खुलाशासाठी शुक्रवारी पाच वाजेपर्यंतची मुदत दिली.

खुलासा शनिवारी आला. पाकिटात जाड कागद होते. बाई म्हणाल्या की त्या शुक्रवारी पावणेपाचलाच आल्या होत्या, पण आवक खिडकी बंद होती, बाबू चारलाच निघून गेले होते. मी त्यांना शिक्का दाखवला. शिक्का शनिवारचा होता. मी पाकिटावर "मुदतीनंतर प्राप्त" असं लिहिलं, सही केली, आणि ते न उघडता फाइलमध्ये लावलं. न उघडण्याचं कारणही मी टिपणीत लिहिलं: मुदतीनंतर आलेला मजकूर वाचला तर समितीच्या मतावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

अहवाल एका पानाचा झाला. मी माझ्या हाताने लिहिला. अकरा जोड्या, सोळा आठवडे, पाव किलो. शेवटी लिहिलं की असे आकडे प्रत्यक्ष मोजणीतून येणं शक्य नाही. "संभव कमी" असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी "शक्य नाही" लिहिलं.

नियतकालिकाने तो अहवाल मिळताच निबंध मागे घेतला. त्यांच्या संकेतस्थळावर निबंधाच्या प्रत्येक पानावर 'मागे घेतलेला' अशी आडवी लाल अक्षरं आली. प्रमुखांनी त्यांना पत्र लिहिलं की त्यांनी केवळ भाषा तपासली होती, आकडेवारीशी त्यांचा संबंध नव्हता, त्यांची फसवणूक झाली. मुलाखतींच्या यादीतून बाईंचं नाव कमी झालं. जागेवर दुसरा उमेदवार आला. पुढच्या सत्रात बाईंना तासिकाही द्यायच्या नाहीत, असं ठरलं. चालू सत्र मात्र पूर्ण करायचं होतं, कारण अभ्यासक्रम बाकी होता.

सत्राच्या उरलेल्या दोन महिन्यांत स्टाफरूममध्ये त्यांचं नाव पडलं, पाव किलो. "पाव किलोचा तास आहे का?" "पाव किलोनं डबा आणला का?" ज्यांनी नऊ वर्षं त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली, तेच म्हणायचे, "वजन करून घ्या बरं." एका सकाळी त्यांच्या टेबलावर हजेरीपटाच्या वर कोणीतरी लोखंडी वजन ठेवलं होतं, खाली २५० ग्रॅम असं कोरलेलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं असावं. बाई आल्या, त्यांनी ते पाहिलं, उचलून खणात ठेवलं, आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेल्या. त्या दाराबाहेर जाईपर्यंत सगळ्यांनी हसू दाबून धरलं होतं. मग हसले. मीही हसलो. विनोद माझ्याच अहवालातून निघाला होता, याचं मला थोडं बरंही वाटलं.

सत्र संपलं तेव्हा त्यांना निरोप दिला नाही. तासिकावाल्यांना निरोप देण्याची पद्धत नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका चतुर्थीला मी आणि बायको केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. परतताना रस्त्याला लागून वांग्याची वाडी दिसली आणि बायकोने गाडी थांबवायला लावली. वाडीतूनच घेऊ, ताजी मिळतील. दोन बाया तोडा करत होत्या. एकीची वाडी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे, दुसरीची पलीकडे, जावा-जावा होत्या. आम्ही उभे असतानाच दोघींनी आपापल्या टोपल्या आणून एकाच ताडपत्रीवर ओतल्या. मग सगळा ढीग पोत्यांत भरून झाडाला टांगलेल्या काट्यावर लावला. थोरली प्रत्येक वेळी आकडा बोलायची, धाकटी लक्षात ठेवायची. शेवटी थोरली म्हणाली, "साडेसेहेचाळीस. सव्वातेवीस तुये, सव्वातेवीस माये. लिव."

धाकटीने पिशवीतून दोन लहान वह्या काढल्या आणि दोन्हींत सव्वातेवीस लिहिलं.

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी त्यांना विचारलं की माल आधी वेगळा होता, तर वेगळा का मोजला नाही.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. "काऊन मोजा वेगळा? इहीर एक, मोटर एक, पाणी एक. तिच्याकडे कमी पिकलं त मी काय तिले उपाशी ठेवू? तोडा एकात, वाटा निम्मा. भाऊ वेगळे झाले तवापासून असंच हाये." मग बायकोला विचारलं, "मास्तर हायेत का हे?"

"हो," बायको म्हणाली. "हिशेबाचे."

"मंग इचारते काऊन?"

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली की तिच्या काकांकडेही असंच होतं. विहीर सामाईक असली की तोडा एकत्र होतो, नाहीतर रोज पाण्यावरून भांडणं होतील. भाजीच्या गावात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. माझे वडील कचेरीत कारकून होते, आमच्या घरी भाजी पिशवीतून यायची. मी तिला विचारलं, तू हे कधी सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं?"

साडेसेहेचाळीसचे निम्मे सव्वातेवीस. अर्ध्या किलोपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर मोजलेल्या ढिगाचे दोन सारखे वाटे केले, तर पाव किलो येणारच, आणि तो फक्त जोड्यांतच येणार. जो पुरावा मी खोटेपणाचा म्हणून मांडला, तो मोजणी खरी असल्याचा होता. कोणी घरी बसून आकडे बनवले असते, तर त्याला हा पाव किलो सुचला नसता. चौथीच्या मुलाचं गणित होतं. बावीस वर्षं सांख्यिकी शिकवून मला ते दिसलं नाही.

सोमवारी मी कार्यालयातून फाइल मागवली आणि पाकीट फोडलं. चार पानं होती. पहिल्याच पानावर अकरा जोड्यांची यादी, कोणत्या दोन घरांची विहीर सामाईक, नातं काय, आणि वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स. वह्यांत प्रत्येक जोडीला महिरपी कंसात धरून पुढे शेरा लिहिला होता: तोडा एकत्र, वाटा अर्धा. चौथ्या पानावर एक परिच्छेद माझ्याबद्दल होता. तक्ता देताना त्यांनी मला विचारलं होतं की शेऱ्याचा रकाना राहू देऊ का, आणि ही जोडीची घरं एक धरायची की दोन. मी म्हणालो होतो, शेरा काढा. चूल वेगळी तर ओळ वेगळी. मला हे बोलणं आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. मी असंच बोलतो.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, "सर, जागा भरून गेली. समोर नॅकची तपासणी भेट हाये. गाडलेलं मढं काऊन उकरता? अन् उकराचंच असन त सही कोणाची हाये त्या अहवालावर, ते एकदा पाहून घ्या." धमकी अशी नव्हती. ते खरंच मला सावध करत होते.

प्रमुख आता कॉलेजच्या शैक्षणिक सचोटी समितीचे निमंत्रक झाले होते. त्यांच्या खोलीबाहेर तशी पाटी होती. मी त्यांना कागद दाखवले आणि नियतकालिकाला दोघांनी मिळून पत्र लिहू असं सुचवलं. त्यांनी कागदांना हात लावला नाही. म्हणाले, "तुमचं बरं आहे, सर. तुम्ही म्हणू शकता की चूक झाली. मी लिहून दिलं आहे की माझी फसवणूक झाली. आता आकडे खरे निघाले तर फसवलं कोणी? मला तो रस्ता नाही." मग उठून दारापर्यंत सोडायला आले. "तसं पाहिलं तर तेव्हा तुम्हीच आमचं काम सोपं केलं होतं."

मी एकट्याने लिहिलं. नियतकालिकाच्या संपादकांचं उत्तर सभ्य होतं. निबंध मागे घेण्याचं कारण बदलायचं असेल तर सर्व लेखकांची आणि संस्थेची संमती लागेल. शिवाय त्यांनी एक मुद्दा काढला होता: दोन ओळी एकाच ढिगाचे वाटे असतील, तर त्या दोन स्वतंत्र नोंदी धरता येत नाहीत. म्हणजे साठ नव्हे, एकोणपन्नासच नोंदी. साठ धरून केलेल्या चाचण्या तशाही चुकीच्या ठरतात, आणि निबंध आहे त्या रूपात उभा राहत नाही. हे बरोबर होतं. पत्र येण्याआधी मी स्वतः तेच काढलं होतं. आकडे खरे होते. चूक चाचण्यांत होती, आणि चाचण्या माझ्या होत्या.

तेव्हा मी बाईंच्या घरी गेलो. सेलूपासून आत, त्यांच्या वडिलांचं घर. वडील ओट्यावर पालकाच्या जुड्या बांधत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. बाईंनी सांगितल्यावर ओळखलं, आणि जुड्या बांधणं थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं: जावांचं, पाकिटाचं, पत्रांचं. माफी मागितली. बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाले आता पटलं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

वडील म्हणाले, "साहेब, तुमच्या एका कागदानं पोरीची नोकरी गेली. आता दुसरा कागद द्या. तुमच्यापाशी कागदाची काई कमी हाये का?"

तेव्हा कळलं की आष्टीच्या बाजूला एका कॉलेजात जागा निघाली आहे, बाईंना मुलाखतीचं बोलावणं आलं आहे, आणि लाल अक्षरांबद्दल तिथे विचारणार हे नक्की आहे. माझ्या सहीचं पत्र असलं तर त्यांना दाखवता येईल. बाई स्वतः ते मागायला तयार नव्हत्या. वडिलांनीच मागितलं.

मी तीन मसुदे केले. चौथं पत्र घेऊन आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की माझा अहवाल चुकीचा होता, मी खुलासा वाचला नव्हता, या बाईंची मोजणी प्रामाणिक आणि काटेकोर आहे. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: जोडीच्या घरांना स्वतंत्र धरण्याची चूक माझ्या सल्ल्याने झाली असून, त्यामुळे निबंधातले निष्कर्ष छापलेल्या स्वरूपात टिकणारे नाहीत.

बाईंनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाल्या, "सर, हे शेवटचं वाक्य नसलं तर चालेल का?"

मी म्हणालो, "ते खरं आहे."

"खरं आहे, सर. पण ते तिथे कोणी विचारणार नाही. तुम्ही लिहिलं तर विचारतील."

मी त्यांना समजावलं. चूक माझी आहे असं मी तिथेच लिहिलं आहे, त्यांना त्याचा त्रास व्हायचं कारण नाही. आणि अर्धं सांगितलं तर हा कागदही पहिल्यासारखाच होईल. पहिल्यांदा मी अर्धंच पाहिलं म्हणून हे सगळं झालं. आता पुन्हा तेच करू का? बोलता बोलता माझा आवाज वर्गातला झाला असावा, कारण वडिलांनी जुडी हातात धरून आधी माझ्याकडे आणि मग मुलीकडे पाहिलं. "काय म्हणते हे?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या, बाबा," त्या म्हणाल्या. त्यांनी पत्राची घडी केली.

परतताना मला हलकं वाटत होतं. इतक्या महिन्यांनी मी एक पूर्ण खरं पत्र लिहिलं होतं.

मुलाखत झाली त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत होतो. जमलं का, मी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या. आवाज साधा होता, बस स्टँडवरून बोलत असाव्यात; मागे कंडक्टर ओरडत होता. समितीत पाच जण होते. सात मिनिटांत झालं.

"पत्र वाचलं का त्यांनी?"

"एक वाक्य वाचलं, सर. मोठ्यानं."

कोणतं, ते मला माहीत होतं. तरी मी विचारलं, आणि त्यांनी ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांना पाठ झालं होतं. वाचणारे गृहस्थ मग बाकीच्यांना म्हणाले होते, यांच्या बाजूने लिहिणारा माणूसच म्हणतो की लेख टिकत नाही, तर आपण कोण? तिथेही हसले. मग त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, आणि नंतर थांबायचीही गरज नाही असं सांगितलं.

मी म्हणालो, वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी वाचला का? चूक माझ्या सल्ल्याने झाली, असं त्यात आहे.

"तो नाही वाचला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, की आता त्या कुठे अर्ज करणार नाहीत. सेलूला एका शिकवणी वर्गात दहावीचं गणित घ्यायचं ठरवलं आहे. हे मला कळावं म्हणून फोन केला, नाहीतर मी आणखी कुठे पत्र लिहीन. तेवढं लिहू नका, म्हणाल्या. गाडी लागली होती. फोन बंद झाला.

मी कपाटातून पत्राची प्रत काढली. साठ ओळी, एकोणपन्नास ढीग. गणित पुन्हा एकदा केलं. वाक्य बरोबर होतं. त्यात एक शब्द बदलण्याजोगा नव्हता.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, कोणाचा फोन होता.

मी म्हणालो, राँग नंबर.